रकान्यात न मावणारे प्राणी

प्राणिसंग्रहालयाच्या सहलीहून परत आलं की शाळेत एक तक्ता भरून द्यायचा असतो. आमच्या वेळी पट्टीने रेघा मारून तो वहीत आखावा लागे, हल्ली छापील कागद मिळतो, एवढाच काय तो फरक. रकाने मात्र तेच. प्राण्याचं नाव, रंग, खाद्य, निवारा आणि सगळ्यात शेवटी 'गट'. पहिले चार रकाने मुलं पिंजऱ्यापुढे उभी राहून, पाटी वाचून, शेजारच्याच्या कागदात डोकावून भरतात. शेवटचा घरी येऊन भरतात, कारण तो पिंजऱ्यात दिसत नाही.

भाचीच्या अशाच एका कागदावर पाणघोड्यापुढे 'उभयचर' लिहिलेलं होतं आणि त्यावर लाल शाईची फुली होती. फुली बरोबरच आहे. पाणघोड्याची मादी पिल्लाला दूध पाजते, म्हणजे तो सस्तन. पण पोरीचा हिशेबही काही वेडगळ नव्हता. दिवसभर पाण्यात बसतो, रात्री बाहेर येऊन गवत खातो, मग पाण्यातही आणि जमिनीवरही राहणारा हा प्राणी उभयचर नाही तर काय? तिला म्हटलं, बाई गं, तुझ्या बाजूने एक फार मोठा माणूस उभा आहे. पाणघोड्याचं शास्त्रीय नाव 'हिप्पोपोटॅमस ॲम्फिबियस'. त्यातल्या 'ॲम्फिबियस'चा अर्थ उभयचर असाच होतो. आणि हे नाव १७५८ साली दिलं ते साक्षात कार्ल लिनियस यांनी, म्हणजे प्राण्यांना असं दोन शब्दी शास्त्रीय नाव देण्याची पद्धत ज्यांनी घालून दिली त्यांनी!

तेव्हापासून हा 'गट' नावाचा रकाना माझ्या डोक्यात घर करून बसलाय. तो कुणी आखला, कशासाठी आखला आणि किती वेळा पुसून पुन्हा आखला, याला मोठा इतिहास आहे. आज तोच सांगते. जरा लांबेल, चहा घेऊन बसा :)

लिनियस स्वीडनचे. १७३५ साली त्यांनी 'सिस्टिमा नॅचुरी' हे पुस्तक पहिल्यांदा काढलं तेव्हा ते मोठ्या आकाराच्या मोजक्या पानांचं होतं. त्यात सगळ्या प्राण्यांचे सहा वर्ग होते : चतुष्पाद, पक्षी, उभयचर, मासे, कीटक आणि कृमी. देवमासा तेव्हा माशांत होता. १७५८ सालच्या दहाव्या आवृत्तीत लिनियसनी 'चतुष्पाद' हा शब्दच काढून टाकला आणि 'मॅमेलिया' असा नवा शब्द घडवला. आपला 'सस्तन' हा त्याचाच अवतार. पाय मोजायचं सोडून दूध बघायचं ठरवल्याबरोबर देवमासा माशांतून उठून गाई-म्हशींच्या बाजूला आला. (देवमासा बिचारा होता तिथेच पोहत होता, रकाना हलला.)

आता सस्तन प्राण्यांच्या अंगावर केसही असतात आणि कानात तीन चिमुकली हाडंही असतात. मग नाव केसांवरून का नाही, स्तनांवरूनच का? लोंडा शीबिंगर या इतिहासकार बाईंनी एक गोष्ट दाखवून दिली आहे. त्या काळी युरोपातल्या सधन घरांत बाळाला दूध पाजायला दाई ठेवायची रीत होती. लिनियस स्वतः वैद्य. आईनेच बाळाला पाजावं अशा मताचे, आणि १७५२ साली त्यांनी दाई ठेवण्याविरुद्ध एक निबंधही लिहिला होता. म्हणजे आपली मुलं आज ज्या रकान्यात डोळे झाकून 'सस्तन' लिहितात, त्या शब्दामागे अठराव्या शतकातला एक घरगुती वादही आहे.

डॉल्फिन हवेत श्वास घेतो आणि पिल्लांना पाजतो हे ॲरिस्टॉटलने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच टिपून ठेवलं होतं आणि अशा प्राण्यांना त्याने माशांपासून वेगळं काढलं होतं. पण नुसतं माहीत असून काय होतं? १८१८ साली न्यूयॉर्कमध्ये असा कायदा झाला की माशाच्या तेलाची पिंपं सरकारी निरीक्षकाकडून तपासून घ्यायची आणि त्याची फी भरायची. एका व्यापाऱ्याकडे देवमाशाच्या तेलाची तीन पिंपं होती. तो म्हणाला, देवमासा हा मासाच नाही, मी फी कशाला भरू? प्रकरण कोर्टात गेलं. सॅम्युअल मिचिल नावाच्या नामवंत शास्त्रज्ञांनी साक्ष दिली की देवमासा मासा नव्हे. ज्यूरीने सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला : मासाच आहे, फी भरा! पुढे विधिमंडळाने कायदा बदलून देवमाशाचं तेल त्यातून वगळलं ते वेगळं. प्राणी कुठल्या रकान्यात आहे यावर कुणाच्या खिशातून पैसे जाणार हे ठरतं, हे तिथल्या व्यापाऱ्यांना मात्र चांगलंच कळलं असणार.

आपल्याकडचे जुने रकाने बघितले तर अजून वेगळीच तऱ्हा. अंडज, जारज, स्वेदज, उद्भिज्ज ही चार नावं कीर्तनात, पोथीत आपण सगळ्यांनीच ऐकली आहेत. जन्म कुठून होतो यावर ती विभागणी. जैनांच्या तत्त्वार्थसूत्रात जीवाला इंद्रियं किती यावर वर्ग केले आहेत : एकेंद्रिय ते पंचेंद्रिय. मुंगीला अळीपेक्षा एक इंद्रिय जास्त, भुंग्याला मुंगीपेक्षा एक जास्त. हेतू उघड आहे. ज्याला इजा करायची नाही त्याला किती कळतं, किती जाणवतं हे आधी ठरवायला हवं ना.

सुश्रुतसंहितेची विभागणी तर मला फार आवडते. तिथे प्राणी काय करतात आणि कुठे राहतात यावरून नावं आहेत. 'विष्किर' म्हणजे पायाने उकरून दाणे विखरून खाणारे, 'प्रतुद' म्हणजे चोचीने टोचून खाणारे, 'बिलेशय' म्हणजे बिळात राहणारे, 'गुहाशय' म्हणजे गुहेत राहणारे. कोंबडी आणि कबुतर शेजारी शेजारी दाणे टिपत असतील तर पाच मिनिटं बघा, विष्किर आणि प्रतुद यातला फरक पुस्तक न उघडता कळेल. अर्थात सुश्रुताला प्राण्यांची वंशावळ लावायची नव्हती. कुठल्या प्राण्याचं मांस कुठल्या प्रकृतीला मानवतं हे वैद्याला सांगायचं होतं. म्हणून सिंह, वाघ, अस्वल, कोल्हा आणि तरस असे सगळे गुहाशय म्हणून एकत्र बसले आहेत.

आपल्या शाळेच्या तक्त्यातले 'पृष्ठवंशीय' आणि 'अपृष्ठवंशीय' हे दोन मोठे रकाने मात्र पॅरिसहून आले. क्रांतीच्या धामधुमीत, १७९३ साली, तिथे राजाच्या औषधी बागेचं राष्ट्रीय संग्रहालय झालं. रस्त्यावर प्राण्यांचे खेळ करणाऱ्यांचे प्राणी पोलिसांनी जप्त करून तिथे आणून सोडले, व्हर्सायच्या राजवाड्यात उरलेलेही आणले, आणि अशा जमवाजमवीतून तिथलं प्राणिसंग्रहालय सुरू झालं. त्याच संस्थेत लामार्क नावाच्या, पन्नाशीला टेकलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञाला 'कीटक आणि कृमी' हा फारसा कुणाला नको असलेला विषय मिळाला. त्याने तो इतक्या मन लावून केला की पाठीचा कणा असलेले आणि नसलेले अशी प्राण्यांची विभागणी रूढ झाली. म्हणजे प्राणिसंग्रहालय आणि तक्ता ही जुळी भावंडंच म्हणायची. लंडनचं प्राणिसंग्रहालय १८२८ साली सुरू झालं तेही अभ्यासकांसाठी, सामान्य लोकांना ते १८४७ पासून खुलं झालं. आपली मुंबईची राणीची बाग १८६२ ची, पुण्याचं पेशवे पार्क १९५३ चं. (तिथले प्राणी नंतर कात्रजला गेले, पण आमच्या पिढीचा हत्ती आणि आमची फुलराणी पेशवे पार्कातच राहिली.)

मग पिंजऱ्यापुढे उभं राहून खरंच काही कळतं का? कळतं, आणि कधी कधी फार मोठं काही कळतं. २८ मार्च १८३८ रोजी चार्ल्स डार्विन लंडनच्या त्या प्राणिसंग्रहालयात 'जेनी' नावाच्या ओरांगउटान मादीला बघायला गेले. तिच्या रखवालदाराने तिला सफरचंद दाखवलं पण दिलं नाही, तेव्हा ती उताणी पडून हातपाय झाडत रडायला लागली, अगदी हट्टी पोरासारखी. डार्विननी ते बहिणीला पत्रात सविस्तर लिहून कळवलं. लिनियसनी माणसाला माकडांच्या शेजारी बसवलं होतं ते शरीराची ठेवण पाहून. डार्विननी रुसणं पाहिलं, राग पाहिला. पिंजऱ्याच्या अलीकडे आणि पलीकडे एकाच रकान्यातली मंडळी उभी आहेत, हा विचार त्यांच्या मनात तेव्हा पक्का होत चालला होता. 'ओरिजिन' यायला अजून एकवीस वर्षं होती.

पण पिंजरा फसवतोही. स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या प्राणिसंग्रहालयात रुडॉल्फ शेंकेल यांनी लांडग्यांचं निरीक्षण करून १९४७ साली निबंध लिहिला. छोट्याशा आवारात कोंबलेले लांडगे सतत भांडून आपला वरचा नंबर ठरवत असत. त्यातून 'अल्फा' लांडग्याची कल्पना निघाली. डेव्हिड मीच यांच्या १९७० च्या पुस्तकाने ती घरोघरी पोचली, आणि आता तर व्यवस्थापनाच्या शिबिरांतही 'अल्फा' माणसं असतात! त्याच मीच यांनी पुढे कॅनडाच्या उत्तर टोकाला रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि १९९९ साली स्वच्छ लिहिलं, की रानातला कळप म्हणजे बहुधा आई, बाप आणि त्यांची मुलं. पुढारी लांडगा म्हणजे बाबा किंवा आई. अनोळखी लांडगे एका कुंपणात कोंडले की जे दिसतं ते कुंपणाचं वागणं, लांडग्याचं नव्हे.

आता तरसाची गोष्ट. तरस बघून दहातली नऊ मुलं 'कुत्र्यासारखं' असं लिहितील. लिनियसनीही तेच केलं, १७५८ साली त्यांनी तरसाला 'कॅनिस हायना' म्हणजे कुत्र्याच्याच घराण्यात टाकलं. १८६९ साली विल्यम हेन्री फ्लॉवर यांनी मांसाहारी प्राण्यांच्या कवट्या उलट्या करून तळाची, कानाजवळची हाडं तपासली. त्यात तरस निघालं मांजराच्या बाजूचं! आजच्या हिशेबाने मुंगूस आणि उदमांजर ही त्याची कुत्र्यापेक्षा जवळची भावकी. बाहेरून दिसायला कुत्रा, आतून मांजराच्या वाड्यातला.

नावांचा विषय निघाला आहे म्हणून सांगते. कोकणातल्या आपल्या खवले मांजराला मांजर का म्हणावं, त्याच्यात मांजरासारखं आहे तरी काय, असं मला नेहमी वाटे. लिनियसनी त्याला हत्ती, स्लॉथ वगैरेंच्या गटात टाकलं होतं, नंतर बराच काळ ते दात नसलेल्या प्राण्यांत मोडत होतं. अलीकडे जनुकं वाचता यायला लागल्यावर कळलं की आज हयात असलेल्यांत त्याच्या सगळ्यात जवळचा गट म्हणजे कुत्री-मांजरं ज्यात येतात तो मांसाहारी गण. नाव ठेवणाऱ्याला जनुकं ठाऊक असण्याचा प्रश्नच नाही, हा निव्वळ योगायोग. पण नावं टिपून ठेवायला हवीत ती यासाठीच. कर्नल साइक्स हे इंग्रज अधिकारी १८२० च्या दशकात आपल्या दख्खनमध्ये हिंडले. त्यांनी इथल्या रानकुत्र्याला १८३१ साली 'दख्खनेन्सिस' असं शास्त्रीय नाव दिलं आणि मराठी लोक त्याला 'कोळसून' म्हणतात हेही आवर्जून नोंदवलं. आपल्या काळात मारुती चितमपल्लींनी रानात राहणाऱ्यांकडून अशी नावं गोळा करण्यात आयुष्य घातलं.

आणि आता परत भाचीच्या पाणघोड्याकडे. लिनियसनी त्याला घोड्याच्या शेजारी ठेवलं. नंतरच्यांनी डुकराच्या शेजारी. १९९० च्या दशकात जनुकांची तुलना झाली आणि उत्तर आलं ते ऐकून भलेभले चक्रावले. पाणघोड्याचा आज हयात असलेला सगळ्यात जवळचा नातेवाईक घोडा नाही, डुक्करही नाही, तर देवमासा! हाडांचा पुरावा २००१ साली आला. पाकिस्तानात सापडलेल्या, पाय असलेल्या आदिम देवमाशांचे घोटे थेट गाय-हरणांसारखे निघाले. आणि एक दुवा आपल्या देशातला. ए. रंगा राव या भारतीय भूशास्त्रज्ञांनी काश्मीरकडच्या कालाकोट इथून जीवाश्मांचे दगड गोळा केले होते आणि १९७१ साली त्यातल्या एका प्राण्याला 'इंडोहायस' नाव दिलं होतं. ते गेल्यावर उरलेले दगड त्यांच्या पत्नीने हान्स थेविसन या संशोधकाला सोपवले. तिकडे काम करताना एक कवटी चुकून फुटली आणि आतलं कानाचं हाड दिसलं, हुबेहूब देवमाशाच्या धर्तीचं. मांजराएवढा, खुरांचा, पाण्यात उतरणारा हा प्राणी देवमाशाच्या पूर्वजांचा सख्खा शेजारी होता हे २००७ साली प्रसिद्ध झालं.

म्हणजे लाल फुली बरोबर, 'सस्तन' बरोबर, पण 'पाण्यात राहतो' हे भाचीने पाहिलेलं अगदीच वाया जाण्यासारखं नव्हतं.

मुलांच्या कागदावरची फुली परवडते. पण मोठ्यांच्या कागदावर काय लिहिलंय त्यावर प्राण्याचा जीव टांगलेला असतो. नीलगाय घ्या. १७६६ साली पल्लास यांनी तिला नाव दिलं त्याचा अर्थ होतो 'बोकड-उंट'. पुढे त्याला जोडलेल्या प्रजातीच्या नावात बैल आणि हरीण आले. एका जनावराच्या नावात चार जनावरं! आपण तिला हरणांत धरतो, पण ती काळवीटापेक्षा गाय-म्हशीला जवळची, आणि चौशिंगा हा तिचा जवळचा भाऊबंद. उत्तरेत नावात 'गाय' आहे म्हणून पुष्कळ लोक तिला मारायला धजत नाहीत. विदर्भातला शेतकरी तिला 'रोही' म्हणतो, आणि रात्रीतून हरभऱ्याचं शेत साफ झालं की त्याच्या तोंडी तिच्यासाठी वेगळे शब्द असतात. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने बिहारच्या काही जिल्ह्यांत तिला 'उपद्रवी' ठरवलं आणि जून २०१६ मध्ये मोकामा भागात दोनशेहून अधिक नीलगाई गोळ्या घालून मारल्या गेल्या. केंद्राच्या दोन मंत्र्यांत त्यावरून जाहीर वाद झाला. गाय, हरीण, रोही, उपद्रवी... जनावर तेच. रकाना बदलला की त्याचं नशीब बदलतं. उभं पीक गमावलेल्या माणसाचं दुःखही खोटं नाही, पण निदान त्या जनावराकडे नीट बघून, मोजून, ते का येतं हे समजून मग शेवटचा रकाना भरावा, एवढं तरी आपल्या हातात आहे.

म्हणून मला वाटतं सहलीचा तक्ता जरूर असावा. रकाने वाईट नाहीत, त्यांच्याशिवाय आपण काहीच लक्षात ठेवू शकणार नाही. फक्त 'गट' हा रकाना पेन्सिलीने भरायला सांगावा, आणि त्याच्या आधी एक मोठा रकाना असावा, 'मी काय पाहिलं'. तरसाची पाठ उतरती का दिसते? पाणघोडा पाण्यात बसला की त्याचे डोळे, कान आणि नाकपुड्या तेवढ्याच वर का राहतात? (याचं उत्तर मगरीकडे बघूनही मिळतं, आणि मगर ही पालीपेक्षा पक्ष्यांची जवळची नातेवाईक आहे हे तिला सांगितलं तेव्हा पोरगी माझ्याकडे बघतच राहिली.) लिनियस, लामार्क, फ्लॉवर या सगळ्यांनी आधी हाच रकाना भरला होता.

असो. गावाकडच्या सगळ्या काका-मामा-आत्यांना एक विनंती : तुमच्या भागात तरसाला, रानकुत्र्याला, खवले मांजराला काय काय म्हणतात ते मला कळवा. मी एका वहीत उतरवून ठेवते आहे. रकाने अजून आखलेले नाहीत.